हौदातून काढलेली स्पॅनिश

बाई बसलेल्या मी एकदाच पाहिल्या. ते बसणं शेवटी सांगते. आधी त्यांचं न बसणं सांगितल्याशिवाय त्या बसण्याला काही किंमत नाही.

जेवायलासुद्धा त्या बसत नसत. हातात ताटली घेऊन चुलीपासून परसदारापर्यंत फेऱ्या चालायच्या. भाजीभाकरी चुलीशी सुरू व्हायची आणि ताक परसातल्या पेरूखाली संपायचं. मुलींच्या शाळेत त्या शिकवत, तिथंही खुर्ची होती, पण तिच्यावर कायम खडूचा डबा बसलेला. बाई वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत पाढे म्हणून घ्यायच्या. त्यांच्या वर्गातून वर गेलेली मुलगी लगेच ओळखू यायची, म्हणे. दुसऱ्या बाई स्थिर उभ्या राहिल्या तरी तिची मान आपली इकडून तिकडे हलत असायची.

जुन्नरात त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. माझं लग्न नवं, यांची मामलेदार कचेरीतली कारकुनी नवी, आणि गावात एस.टी.सुद्धा नवीच. माझं माहेर अवसरी खुर्द. मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणजे माझ्या मते विलायतेला जायला फक्त बोटीचं तिकीट तेवढं बाकी होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं, मी ते लाजत सांगितलं, आणि त्यांनी ते लगेच टाकून दिलं. "अवसरीची ना तू? मग अवसरीच म्हणेन. ए अवसरी, ती खाट त्या टोकाला धर."

खाट हलवणं हा आमच्या घराचा नित्यक्रम होता. सोमवारी उत्तरेच्या भिंतीला असलेली खाट बुधवारी दाराशी यायची. कणगी, आरसा, पाटा-वरवंटा, सगळ्यांच्या बदल्या व्हायच्या. एकदा आमचा कंदील बदली होऊन त्यांच्या फडताळात गेला. हे वैतागून म्हणाले, "या घरात आपण मालकासारखे राहतो आणि मालकीणच भाडेकरूसारखी. कधीही उठून जाईल अशी."

तर या बाई, वयाच्या चाळिशीत, जुन्नरात, स्पॅनिश शिकत होत्या.

आता ही भाषा आमच्या गल्लीत आली कुठून? आली हौदातून. जुन्नरात तेव्हा एक-दोन मुसलमान घरांत अजून हातकागद व्हायचा. आमच्या शेजारीच एक कागदी चाचा होते. पुण्याहून रद्दी यायची, ती हौदात भिजवायची, तुडवायची, कुटायची, आणि त्या लगद्याचा पुन्हा कागद करायचा. एका रद्दीत एक जाडं इंग्रजी पुस्तक निघालं, घरबसल्या स्पॅनिश शिकायचं. लष्करातल्या कुठल्या साहेबाचं असावं. चाचांनी रीतीप्रमाणे पुठ्ठा उचकटला, पुढची पानं फाडून हौदात सोडली, आणि बाकीची फाडणार तेवढ्यात फेऱ्या मारत मारत बाई तिथं पोचल्या.

"चाचा, हे काय?"

"किताब हाय बाई. उद्याचा कागद."

"आणा इकडं."

"अवो, पयली पानं तर गेली की भिजायला. डोकं नसलेलं पुस्तक घेऊन काय करनार तुमी?"

"धड तर आहे ना?" म्हणून बाईंनी ते काखेत मारलं.

पण त्या गेलेल्या पानांनी पुढं फार गंमत केली. भाषेच्या पुस्तकात पहिल्या पानांवर काय असतं? नमस्कार, या, बसा, कृपा करून, हळू बोला, आभारी आहे, पुन्हा भेटू. ते सगळं विरघळलं. बाईंचं पुस्तक सुरू व्हायचं ते थेट आगगाडीच्या स्टेशनावर, सामानासकट. त्यांच्या स्पॅनिशला तोंडओळखच नव्हती. त्यांना ट्रंकेचं वजन सांगता यायचं, खोलीचं भाडं विचारता यायचं, बाजारात घासाघीस करता यायची, पण समोरच्याला साधा नमस्कार करता यायचा नाही. चाचा हळहळायचे. बाई म्हणायच्या, "वाईट कशाला वाटून घेता? त्याचा कागद केलात, विकलात. जुन्नरातल्या कुठल्यातरी वाण्याच्या चोपडीत माझा नमस्कार सुखात असेल."

पुस्तकात प्रत्येक वाक्याचा अर्थ इंग्रजीत आणि उच्चार इंग्रजी अक्षरांत. बाईंचं इंग्रजी बेताचं. म्हणून अर्थ सांगायला मी. त्या काळात मला कुठलीही गोष्ट येत नाही असं म्हणायची पद्धतच नव्हती. ऑलिव्ह नावाचं फळ आलं, मी आयुष्यात पाहिलेलं नाही, पण ठणकावून सांगितलं, "बोरं." पुढं वाक्य आलं की त्या मुलखात त्याच फळाचं तेल काढतात. बाई फेरी मारता मारता थबकल्या. "बोराचं तेल? अगं, किती बोरं लागत असतील!" मी म्हटलं, "तिकडची मोठी असतात." एवढा आत्मविश्वास मला पुन्हा कधी लाभला नाही.

बाई पुस्तक वाचायच्या नाहीत, चालायच्या. प्रत्येक धड्याला त्यांनी गावातली एक जागा नेमून दिली होती. बाजाराचा धडा रविवारच्या बाजारात, हवापाण्याचा धडा कुकडीच्या काठी, आणि आगगाडीचा धडा एस.टी. स्टँडवर, कारण जुन्नरात आगगाडी कुठली? नारायणगावची गाडी लागली की बाई तिच्या दाराशी उभ्या राहून स्वच्छ स्पॅनिशमध्ये विचारायच्या, "गाडी किती वाजता सुटते? माझं सामान कुठं ठेवू?"

कंडक्टर पहिल्यांदा घाबरला. मग सरावला. मग कंटाळला.

"बाई, बसायचंय का?"

"नाही."

"मग बाजूला व्हा की राव! पाशिंजरास्नी वाट द्या. रोज इचारता आन् कुटंच जात न्हाई तुमी."

ते मात्र खरं होतं. इतकी पायाला भिंगरी असलेली बाई, पण जुन्नरच्या शिवेबाहेर तिचं पाऊल क्वचित पडायचं. आईची आजारपणं, मग भावांची शिक्षणं, मग शाळा. त्या आतल्या आतच फिरत राहिल्या, पिंजऱ्यातल्या वाघासारख्या म्हटलं असतं, पण बाई बारीक होत्या, खारीसारख्या म्हणते.

एकदा कुकडीकाठी धनगरांचा वाडा उतरला होता. बाई मेंढरांसमोर उभ्या राहून हवापाण्याचा धडा म्हणत होत्या. पुस्तक हातात धरून मी मागं उभी. एक धनगरीण कमरेवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिली.

"काय बोलताय वो बाई मेंढरांसंगं?"

"लांबच्या देशाची भाषा आहे."

"तितं मेंढरं हायती का?"

"खूप. पुस्तकात एक धडाच आहे."

"मंग हितं काय करताय? जावा की तिकडं!"

तिला त्यात काही अवघड वाटेना. ती बिचारी दरवर्षी बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायची. घरी आल्यावर आम्ही दोघींनी खाट तीनदा हलवली.

कशाला शिकत होत्या त्या? अख्ख्या जुन्नरकडं याचं एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर पुरुष होतं. बाईंचे यजमान लग्नानंतर थोड्याच दिवसांत मुंबईला गोदीत नोकरीला लागले, तिथून बोटीवर चढले, आणि परत आले नाहीत. पुढं कुणीतरी खबर आणली की गृहस्थ दक्षिण अमेरिकेत कुठल्याशा बंदरात घरदार करून राहिलाय. तिकडं हीच भाषा बोलतात, हेही गावाला कुणीतरी सांगितलं. झालं. कुणी म्हणे, बाई त्याला शोधायला निघणार. कुणी म्हणे, सवतीला तिच्याच भाषेत चार शब्द सुनवायला शिकतेय. पाणवठ्यावर तर एकीनं ते चार शब्द कोणते तेही ठरवून ठेवले होते.

बाईंना विचारलं की त्या दरवेळी नवं उत्तर द्यायच्या. हेडबाईंना म्हणाल्या, "पाय मोकळे होतात." चाचांना म्हणाल्या, "तुमचं पुस्तक वाया जाऊ नये म्हणून." मी विचारलं तेव्हा कणिक मळत मळत चालत होत्या. म्हणाल्या, "मराठीत मला सगळे ओळखतात गं. टाकलेली म्हणून. त्या भाषेत मी अजून कुणाची कुणी नाही."

मग परात ठेवून एकदम माझ्यासमोर आल्या. "पण अवसरी, मला रोज धास्ती वाटते. ही भाषा खरी आहे ना? म्हणजे मी जे बोलते ते? मेंढरं ऐकतात, एस.टी. ऐकते, तू ऐकतेस. तुम्हाला काय कळतंय! त्या भाषेत जन्मलेल्या एका माणसाला माझं एक वाक्य कळलं पाहिजे. एकच. नाहीतर इतके दिवस मी नुसतीच बरळतेय की काय, हे मला कसं कळायचं?"

मी मान हलवली, आणि मनात म्हटलं, बोलायला ठीक आहे, पण खरं कारण यजमानच. मी त्या वयात अशी होते की कुठल्याही गोष्टीचा शेवट गळाभेटीत झाल्याशिवाय मला चैन पडत नसे. मी तर सगळा प्रवेश रचून ठेवला होता. बंदर, धुकं, पांढऱ्या कोटातला पश्चात्तापी पुरुष, नऊवारीतल्या बाई, आणि बाजूला ओवाळायला तबक घेऊन मी. बंदरावर वाऱ्यात निरांजन कसं टिकेल, ही एवढीच अडचण मला दिसत होती.

माझ्या संशयाला आधार होता. कुटुंबाच्या धड्यात एक वाक्य होतं, 'मी मारिदो से यामा', म्हणजे माझ्या पतीचं नाव अमुक. पुढं रिकामी रेघ, ज्यानं त्यानं आपलं नाव भरायला. मी परीक्षा घ्यायला बसले की बाई धडधड सगळं म्हणायच्या. भाऊ, बहीण, काका, आत्या. त्या वाक्याशी आल्या की एक फेरी मुकाट्यानं मारायच्या आणि म्हणायच्या, "पुढचं विचार." आता नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मलाही ठाऊक होतं. मी स्वतः यांना 'अहो'च्या पलीकडं कधी गेले नव्हते. हळदीकुंकवाला उखाण्यात लपवून नाव घेतलं तरी कान तापायचे. पण बाईंची ती मुकी फेरी मला प्रेमाचीच वाटायची. अठरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय वाटणार?

आणि एके दिवशी दुपारी हे जेवायला आले ते हसत हसतच. "अगं, स्टँडवर एक पाद्री आलाय फटफटीवरून. लेण्याद्रीची लेणी बघून पुण्याला निघाला होता, टायर पंक्चर झालं. स्पेनचा आहे म्हणे! आणि मराठी काय बोलतो, कीर्तनकार ऐकावा!"

मी पुढं काही ऐकलंच नाही. यांच्या ताटात भात अर्धवट टाकून मी शाळेकडं पळाले. नवी सून भर बाजारातून पळत होती. डोक्यावरचा पदर कुठल्या दुकानाशी पडला तेही कळलं नाही.

बाई वर्गात फेऱ्या मारत होत्या. मी दारातूनच ओरडले, "बाई, स्पेनचा माणूस! स्टँडवर! पंक्चर!"

बाई थांबल्या. मुलींच्या मानाही मध्येच थांबल्या. मग बाईंनी हातावरचा खडू पुसला, मुलींना शेजारच्या वर्गात बसवलं, आणि बाहेर पडल्या.

आणि चालल्या कशा? हळू! एरवी वाऱ्यासारखी चालणारी बाई त्या दिवशी कासाराच्या दुकानाशी थांबली, बांगड्यांकडं बघत राहिली. मग भुसाऱ्याकडं मुगाचा भाव विचारला. त्यांची सगळी तगमग जणू माझ्या अंगात शिरली होती. मी दोन पावलं पुढं जाई, परत येई, "बाई, चला ना! पंक्चर निघेल ना!"

"निघू दे गं," बाई म्हणाल्या. "अवसरी, त्याला नाही कळलं तर? आज कळेल की मला येत नाही. काल तर येत होतं ना मला."

स्टँडवर गर्दी जमलेली. मळकट पांढरा झगा, तांबूस दाढी. पाद्रीबाबा उकिडवे बसून पंक्चरवाल्याला ट्यूब पाण्यात धरायला मदत करत होते. पंक्चरवाला म्हणत होता, "पावणं, मराठी आमच्यापक्षा साफ बोलता राव तुमी!" बाबा म्हणत होते, "आपली कृपा, बंधो. परंतु छिद्र अद्याप सापडले नाही."

बाई पुढं झाल्या. गर्दीनं वाट दिली, कारण गावाला हे नाटक कधीपासून बघायचं होतं. पाणवठ्यावरच्या बायका होत्या, कंडक्टर होता, चाचासुद्धा हातावरचा लगदा न धुता आले होते. बाबांनी उठून हात जोडले. "नमस्कार, भगिनी."

याला उलटा नमस्कार स्पॅनिशमध्ये करायला हवा होता, पण तो चोपडीत गेलेला. मग जिथून त्यांची भाषा सुरू होत होती तिथूनच बाई सुरू झाल्या. खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझी ट्रंक माझ्या भावाच्या ट्रंकेपेक्षा हलकी आहे."

मी धडा ओळखला. बाबांनी काय केलं? त्यांनी बाईंच्या मागं बघितलं, बाकड्याखाली बघितलं, ट्रंक कुठं दिसते का म्हणून. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ट्रंक नाही, पण वाक्य आपल्या आईच्या भाषेतलं आहे. त्यांचा ओला हात दाढीशी गेला आणि तिथंच राहिला. मग तो माणूस जो सुटला! पत्र्यावर फुटाणे सांडावेत तशी त्यांची स्पॅनिश. बाईंना, कशाला खोटं सांगू, त्यातलं एक अक्षर कळेना. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. त्यांना 'हळू बोला' असं म्हणायचं होतं, मला ते स्पष्ट दिसत होतं. पण 'हळू' पहिल्या पानांत होतं. आणि 'कृपा करून'ही.

पाणवठ्यावरची एकजण मागून कुजबुजली, "येत न्हाई वाटतं."

बाईंनी डोळे मिटले. सबंध पुस्तक मनातल्या मनात चालून आल्या असाव्यात. आणि म्हणाल्या, "ही गाडी फार जोरात जाते."

बाबा थांबले. त्यांनी नारायणगावच्या गाडीकडं बघितलं. ती उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता. त्यांनी बाईंकडं बघितलं. आणि एकदम त्यांना कळलं. त्यांनी मान लववली, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागले, सावकाश, भरलेली घागर जमिनीवर टेकवावी तसा एकेक शब्द टेकवत.

मग त्या दोघांचं सुरू झालं. कांदे महाग झाले आहेत. काल ऊन होतं, आज वारा आहे. नदीकाठी मेंढ्या आहेत, माझ्या नाहीत. खोलीला खिडकी हवी. एवढंच बोलणं, पण बाई काय दिसत होत्या! पाय जमिनीला लावून सरळ उभ्या. एक इंचभर हलल्या नाहीत.

इथं कुणी घुसायची गरज होती का? नव्हती. पण मी होते ना. मला घाई झाली होती. पंक्चरवाला टायर चढवत होता आणि इथं कांद्याचा भाव चालला होता! बंदर, धुकं, निरांजन, सगळं राहून जाणार. मी पुढं होऊन मराठीत सगळं ओतलं. "बाबा, यांचे यजमान तुमच्याच भाषेच्या मुलखात आहेत, दक्षिण अमेरिकेत, किती वर्षं झाली, काही पत्ता नाही, तुम्ही शोधून द्या ना!"

गर्दी गप्प झाली. अखेर मुद्द्याचं कुणीतरी बोललं, अशी गप्प. बाबांनी बाईंकडं फार मायेनं बघितलं आणि स्पॅनिशमध्ये हळू विचारलं. त्या बंदरांमध्ये आमचे मठ आहेत, मी चौकशी करू शकतो. आपल्या पतीचं नाव काय?

आधीचं बाईंनी नंतर सांगितलं, पण नावाचं मला तेव्हाच कळलं, कारण तेच ते रिकाम्या रेघेचं वाक्य. आता मुकी फेरी येणार म्हणून मी वाट बघत राहिले. बाईंच्या वतीनं नाव सांगायचीही माझी तयारी होती.

बाई हलल्या नाहीत. "मी मारिदो से यामा," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या जुन्नरला ठाऊक असलेलं ते नाव त्यांनी सरळ, पूर्ण, आडनावासकट घेतलं. कुणी गिऱ्हाइकाचं नाव सांगावं तसं.

"अगं बया!" मागं एकीनं पदर तोंडाला लावला. "नाव घ्येतलं की!"

"मराठीत कुटं घ्येतलं?" दुसरी म्हणाली. "त्या भाषेत घ्येतलेलं धरत न्हाईत."

बाईंनी इकडं लक्ष दिलं नाही. त्या बाबांकडंच बघत होत्या. मग स्टेशनच्या धड्यातलं एक वाक्य त्यांनी काढलं. हमालानं भलतीच पेटी आणली तर म्हणायचं ते. हळू, शांतपणे म्हणाल्या, "एसे एकिपाहे नो एस मीओ."

या वेळी बाबांनी बाकड्याखाली बघितलं नाही.

"काय म्हनल्या, काय म्हनल्या?" कंडक्टर माझ्या कानाशी लागला. अर्थ सांगायला इतके दिवस मीच होते. पण जन्मात पहिल्यांदाच मी आखडतं घेतलं. "सामानाचं काहीतरी आहे," एवढंच म्हटलं. खरंही तेच होतं. वाक्य होतं, ते सामान माझं नाही.

टायर चढलं. बाबा मराठीत म्हणाले, पुण्याहून आपणास नवे पुस्तक पाठवतो, भगिनी, संपूर्ण. बाई म्हणाल्या, "पाठवा. पण पहिली पानं काढून पाठवा. माझी इथंच गावात आहेत."

जाताना बाबांनी हात जोडले, आणि आपल्याकडं म्हणतात तसं, 'जातो' न म्हणता, "येतो बरं का," म्हणाले. फटफटीची धूळ खाली बसली. लोक पांगले. आणि बाई स्टँडच्या बाकड्यावर बसल्या.

खरंच बसल्या. पाठ टेकून, पाय लांब करून, हात मांडीवर टाकून. नारायणगावची गाडी गेली. ओतूरची आली. मी त्यांच्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायला लागले.

"बाई, घरी जायचं ना?"

"थांब गं. कळलं त्याला."

"काय कळलं?"

"सगळंच की," बाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "गाडी जोरात जाते, तेसुद्धा."

माझा बंदरावरचा प्रवेश असा एस.टी. स्टँडवर आटोपला. मला फार रुखरुख लागली. घरी येऊन मी यांच्यापाशी रडलेसुद्धा. हे म्हणाले, "तुझं काय गेलं?" आणि उरलेला भात मागितला.

कुंकू बाईंनी पुढंही लावलं. पाणवठ्यावर कुणी छेडलं तर म्हणायच्या, "माझ्या कपाळाला शोभतं, म्हणून." दुसऱ्या दिवशी सकाळी खाट पुन्हा हलली. पण पावसाळ्यानंतर एक दिवस त्या नारायणगावच्या नव्हे, उलट्या दिशेच्या गाडीत खरोखरच चढल्या. पश्चिमेला मढच्या बाजूला एका शाळेत कुणी मास्तर जायला तयार होत नव्हता. डोंगर, पाऊस, जळवा. बाईंनी मागून ती बदली घेतली. ट्रंक कंडक्टरनंच टपावर चढवली. "हलकी हाय की बाई," तो म्हणाला. बाई खळखळून हसल्या, आणि का हसल्या ते फक्त मला कळलं. पुढं त्या बाजूचा एक माणूस कचेरीत आला होता. यांना म्हणाला, साहेब, आमची पोरं लंगडी खेळताना कसल्यातरी भलत्याच भाषेत आकडे मोजतात.

एवढंच बाईंचं. आता माझं एक, मग थांबते.

काही वर्षांपूर्वी नारायणगावच्या स्टँडवर हे हरवले. वय झालेलं, ऐकायला कमी येतं, यंत्र घरी विसरलेले. मी पिशव्यांशी उभी, आणि हे चहा घेतो म्हणून गेले ते गेलेच. मी घाबरले. या फलाटापासून त्या फलाटापर्यंत चार खेपा झाल्या. शेवटी माइकवरच्या पोराची खिडकी गाठली.

"आजी, नाव सांगा आजोबांचं, पुकारतो."

झाली का पंचाईत! साठ वर्षांहून जास्त संसार, आणि 'अहो'च्या पुढं मी गेलेली नाही. 'अहो' पुकारलं तर निम्मा स्टँड वळून बघेल.

"लवकर सांगा वो आजी, गाडी लागतीय."

मी खिडकीची कड घट्ट धरली. "मी मारिदो से यामा," मी म्हटलं, आणि नाव घेतलं. पूर्ण. त्या भाषेत घेतलेलं धरत नाहीत. इथं लिहीत नाही, इथं मराठीत लिहितेय ना.

पोराला पुढचं नाव तेवढं समजलं. ते स्टँडभर दुमदुमलं. थोड्या वेळानं हे आले, एका हातात वडापाव, शर्टावर चटणी, आणि वर माझ्यावरच तापलेले. "सगळ्या गावात माझं नाव कशाला पुकारायला लावलंस?"

पोरानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हेच का आजी?"

मी यांच्या शर्टावरची चटणी पदरानं पुसली. बाईंचं वाक्य मला अजून पाठ होतं. त्यातला 'नो' तेवढा मी काढून टाकला.

"एसे एकिपाहे एस मीओ."

"म्हंजी?"

"म्हणजे," मी म्हटलं, "ते सामान माझं आहे."